वाईत एक दिवस: घाट, मेणवली, धोम की गड?

पुण्याहून निघालेली गाडी खंबाटकी उतरते, सुरूर फाट्याला उजवीकडे वळते आणि थोड्याच वेळात वाई येते. बहुतेक गाड्या ढोल्या गणपतीला हात जोडतात, घाटावर दोन फोटो काढतात आणि अर्ध्या तासात पसरणीच्या घाटाला लागतात. महाबळेश्वरची खोली आधीच ठरवलेली असते ना! माझं आजोळ मधल्या आळीतलं, त्यामुळे ही घाई बघून दर वेळी जीव थोडा तुटतो.

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं विचारलं, "एक अख्खा दिवस वाईलाच द्यायचा म्हणतेय. आईचे गुडघे दुखतात, मुलं आठ आणि बारा वर्षांची. काय बघू आणि काय सोडू?" तिला फोनवर जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहिते. एका दिवसात सगळं होत नाही. दोन गोष्टी निवडा, फार तर अडीच. त्या कोणत्या, हे कोणाबरोबर जाताय आणि कोणत्या महिन्यात जाताय यावर ठरतं.

घाट की मेणवली

खरी चुरस या दोघांत आहे, म्हणून यांच्याबद्दलच जास्त लिहिते.

कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, डोंगरातून उतरते आणि वाईला पहिल्यांदा एका मोठ्या गावाच्या अंगणात येते. गावानं तिच्यासाठी सात घाट बांधले: गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड. प्रत्येक आळीचा आपला घाट, आणि त्या घाटावर त्या आळीची माया. माघापासून चैत्रापर्यंत इथं कृष्णाबाईचा उत्सव चालतो, तोही एकेका घाटावर पाळीपाळीनं. नदीच देवी. तिची पालखी निघते, घाटावर मांडव पडतो, कीर्तन होतं, आणि प्रसादाच्या पंगती उठतात. अफझलखानाच्या स्वारीच्या वेळी कृष्णाबाईला बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, असं वाईत सांगतात. या दिवसांत जाणार असाल तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. ज्या घाटाची पाळी असेल तिथं संध्याकाळी जाऊन बसा.

एरवी गणपती आळीचा घाट बघा. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये बांधलं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच रास्ते घराण्यातल्या. मूर्ती एकाच दगडातली, माणसाहून उंच, आणि पोट असं की 'ढोल्या' हे नाव आपोआप तोंडात यावं. दर्शन सगळेच घेतात. देवळाच्या मागच्या भिंतीकडे मात्र फार थोडे जातात. तुम्ही जा. ही भिंत सरळ नाही, माशासारखी आहे. पुराचा लोंढा देवळावर आदळला की दुभंगावा आणि दोन्ही अंगांनी निघून जावा, म्हणून तिला हा आकार दिला. लहानपणी आजोबांनी माझा तळवा त्या दगडावर टेकवला होता आणि म्हणाले होते, "इथनं पाणी फुटतं बघ." नदी थोपवायची नाही, तिला वाट करून द्यायची, ही अक्कल अडीचशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांना होती. शेजारीच काशीविश्वेश्वराचं देऊळ आहे, तिथला नंदी पाहायला पाच मिनिटं काढा.

मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे कृष्णेवर उतरणारा चंद्रकोरीसारखा घाट आणि घाटावर मेणेश्वराचं देऊळ. वाड्याला सहा चौक आहेत. पहिल्या चौकात आपण मोठ्यानं बोलत असतो, तिसऱ्याशी पोहोचेपर्यंत आवाज आपसूक खाली आलेला असतो. वरच्या मजल्यावरच्या भिंतींवर जुनी चित्रं आहेत, रंग उडालेली, पण ओळखू येणारी. पेशवाईच्या अभ्यासकांना 'मेणवली दप्तर' हे नाव परकं नाही. नानांचे कागद इथं होते. वाडा खासगी मालकीचा आहे, त्यामुळे सगळे भाग नेहमीच उघडे मिळतील असं नाही. दारात नीट विचारा आणि जेवढं दाखवतील तेवढं मनापासून बघा.

वाडा बंद असला तरी मेणवलीची फेरी फुकट जात नाही, आणि याचं कारण घंटा. देवळाजवळच्या छोट्या दगडी बांधकामात ती टांगलेली आहे. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली, त्या विजयातून चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या आणि देवळांत लागल्या. ही त्यांतलीच एक. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि 1707 हे साल आहे. मेणेश्वराच्या दारात मेरीमाता! मुलांना इतिहास शिकवायचा असेल तर याहून चांगला धडा मला माहीत नाही.

मग दोघांतलं काय निवडायचं? सकाळी सात-साडेसातच्या आत पोहोचत असाल तर वाईचा घाट. त्या वेळी धुणं आपटल्याचे आवाज येत असतात, कोणी अर्घ्य देत असतं, आणि मोबाइल घेतलेली माणसं अजून आलेली नसतात. दहानंतर गणपती आळीत गाडी लावायला जागा मिळणं मुश्कील, आणि एप्रिलच्या दुपारी अनवाणी पायांना दगड चटके देतो. उशिरा पोहोचलात तर आधी मेणवली गाठा. तिथं झाडांची सावली आहे, माणसं कमी आहेत, आणि वाड्यात भर दुपारीही गारवा असतो. हिंदी-मराठी सिनेमांची चित्रीकरणं इथं खूप झाली आहेत, त्यामुळे शनिवार-रविवारी फोटोवाल्यांची गर्दी होते. शक्यतो मधला वार धरा. मला कोणी एकच निवडायला लावलं तर मी मेणवली म्हणेन. वाईच्या मुलीनं असं म्हणणं बरोबर नाही हे कळतं, पण दोन-तीन तास एका जागी रमायचं असेल तर मेणवली जास्त देते.

गुडघ्यांचा विचार करायचा तर ढोल्या गणपतीचं दर्शन सोपं पडतं. मेणवलीचा घाट उतरून पाण्यापर्यंत जाणं ज्येष्ठांना जड जाईल. पायऱ्या दगडी आणि उंच आहेत, धरायला आधार नाही. त्यांनी वरच सावलीत बसावं, नदी तिथूनही छान दिसते.

धोम

मुलं बरोबर असतील तर धोम. मेणवलीच्याच दिशेला, वाईपासून साधारण आठ-नऊ किलोमीटरवर, म्हणजे मेणवलीला जोडून सहज होतं. लोक येतात ते धरणाचा जलाशय बघायला. साडेतेरा टीएमसीचं हे पाणी डोंगरांच्या मधे पसरलेलं असतं, आणि पाणी पुरेसं असेल तेव्हा तिथं नावेतून फिरता येतं. नावेत बसण्याआधी अंगात लाइफ जॅकेट घाला, मुलांचे पट्टे स्वतः ओढून बघा. जॅकेट मिळत नसेल तर बसूच नका. मे महिन्यात पाणी खूप मागे गेलेलं असतं आणि काठाला नुसता भेगाळलेला गाळ उरतो, तेव्हा नावेच्या आशेनं जाऊ नका.

माझ्या मते धोमचं खरं आकर्षण गावातलं महादेवाचं देऊळ आहे. दगडी कमळासारख्या पुष्करणीच्या मधोमध कासव आणि त्या कासवाच्या पाठीवर नंदी. पुष्करणीत पाणी भरलं की कासव नंदीला घेऊन तरंगतंय असं वाटतं. माझ्या भाच्यानं तिथं अर्धा तास काढला, कासव खरंच हललं म्हणून तो अजून सांगतो. जवळच नृसिंहाचं देऊळ आहे.

मेणवली आणि धोम यांत वेळेअभावी एकच करायचं तर मोठ्यांनी मेणवली, दहा वर्षांखालच्या मुलांनी धोम. वाड्यातले चौक मुलांना तिसऱ्यानंतर सारखेच दिसतात.

गड: पांडवगड की कमळगड

गड चढायचा असेल तर बाकी सगळं विसरा, फक्त संध्याकाळचा घाट ठेवा. वाईच्या भोवती गडांचं कडंच आहे: पांडवगड, वैराटगड, केंजळगड, कमळगड. एका दिवसासाठी मी पहिल्याचा आणि शेवटच्याचा विचार करेन.

पांडवगड वाईच्या डोक्यावरच आहे, गावातून मान वर केली की दिसतो. उंची चार हजार फुटांहून जास्त. मेणवलीच्या बाजूनं वाट आहे, धावडीकडूनही आहे. बेताच्या चालीनं दोन-अडीच तासांत वर पोहोचता येतं. वाटेवर सावली फार कमी, त्यामुळे उजाडताच निघायचं. वर पांडजाईचं देऊळ आणि पाण्याची टाकी आहेत, पण पाणी आपलंच न्या, माणशी निदान तीन लिटर. वरून कृष्णेचं सगळं खोरं आणि धोमचं पाणी एका नजरेत येतं. सकाळी पाचला निघालात तर दुपारच्या जेवणाला खाली याल आणि संध्याकाळ घाटासाठी मोकळी मिळेल.

कमळगड धोमच्या पाण्याच्या मागे, दाट झाडीत. वाट जंगलातून जाते म्हणून उन्हाचा त्रास कमी, पण गावापर्यंत पोहोचायलाच वेळ लागतो आणि पूर्ण दिवस जातो. गडावर तटबंदी किंवा वाडे शोधाल तर निराश व्हाल. तिथं आहे कावेची विहीर. जमिनीच्या पोटात उतरणारी, पन्नासच्या वर पायऱ्यांची अरुंद चीर, आणि तळाशी तांबडी माती, म्हणजे काव किंवा गेरू. एकेक पायरी उतरताना हवा गार होत जाते, आणि खाली भिंतीला हात लावला की बोटं तांबडी होतात. असं दुसरं ठिकाण मी पाहिलेलं नाही. नवख्यांनी वाटाड्या घ्यावाच, झाडीत वाटा फुटतात.

पहिलाच गड असेल किंवा संध्याकाळी घरी परतायचं असेल तर पांडवगड. चार-पाच गड पायाखालून गेले असतील आणि मुक्काम असेल तर कमळगड. पावसाळ्यात दोन्ही टाळा.

पॅराग्लायडिंगबद्दल मुलं विचारतीलच. ते वाईत होत नाही, वर पाचगणीच्या बाजूला होतं, पावसाळा सोडून, आणि वाऱ्यावर अवलंबून. वारा नसला की नुसतं बसून राहावं लागतं. एका दिवसाच्या वाईत ते कोंबू नका.

कोणत्या महिन्यात

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळंच जमतं. फेब्रुवारीच्या सुमाराला शिवारात हळद शिजवायला घेतलेली असते, तो वास गाडीच्या काचा खाली केल्या की आत येतो. रंगपंचमीला वाईजवळच्या बावधनचं बगाड असतं, म्हणजे नवसकऱ्याला उंच लाकडाला टांगून बैलांनी ओढत नेलेला लाकडी गाडा. त्या दिवशी भैरवनाथाच्या बगाडासाठी सगळा तालुका रस्त्यावर असतो, म्हणून एकतर बगाडासाठीच जा किंवा तो दिवस सोडा. एप्रिल-मेमध्ये सकाळ आणि संध्याकाळ एवढेच तास धरा.

पावसाळ्यात खोरं अतिशय सुंदर दिसतं, पण घाट तेव्हा लांबूनच बघायचा. माझी मावशी जन्मभर त्या पायऱ्यांवर वावरलेली, तरी एका श्रावणात शेवाळावरून तिचा पाय सटकला आणि मनगट मोडलं. धरणातून पाणी सोडलं की नदी बघता बघता चढते. एरवीही पोहायला उतरू नका. वरून शांत दिसणाऱ्या पाण्यात डोह आहेत, गावातल्या मुलांना ते माहीत असतात, आपल्याला नाही.

मैत्रिणीला शेवटी असं सांगितलं: पुण्याहून सहाला निघ, आठच्या आत मेणवलीला पोहोच. आई वर सावलीत बसतील, मुलांना घंटेवरचं साल वाचायला लाव. तिथून धोमला कासव बघा, पाणी असेल तर नाव. दुपारी वाईत येऊन पिठलं-भाकरी खा आणि जरा पडा. पाचनंतर गणपती घाटावर जा. आईंना देवळाच्या ओट्यावर बसव, तू मुलांना घेऊन मागच्या भिंतीपाशी जा आणि त्यांचे तळवे त्या दगडावर टेकव. गड पुढच्या वेळी, मुलं थोडी मोठी झाली की. आणि निघताना फोन कर, मधल्या आळीत मामी आहे, ती चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही.