डबल बीम यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर: जळगावचा उन्हाळा काढल्यानंतर

आमची लॅब पाणी आणि माती तपासणीची. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांतल्या विहिरींचं पाणी नायट्रेटसाठी येतं, काळ्या मातीतला स्फुरद असतोच. द्रावणाने कुठल्या तरंगलांबीचा किती प्रकाश शोषला ते हे मशीन सांगतं; रीडिंग म्हणजे तोच शोषणाचा आकडा. कंपनीचं नाव घेत नाही. जे सांगायचंय ते या किमतीच्या कुठल्याही मशीनला लागू पडेल.

तरंगलांबीबाबत तक्रार नाही. तरंगलांबी तपासायच्या सीलबंद होल्मियम सेलचे 241.15, 287.15, 361.5, 536.3 नॅनोमीटरचे पीक (शोषणाची शिखरं) दर वेळी अर्ध्या नॅनोमीटरच्या आत. शोषणाचा आकडा तपासायचं पोटॅशियम डायक्रोमेटही ठीक: 130 अंशांवर वाळवलेलं, लिटरला 60 मिलिग्रॅम, 0.005 मोलर सल्फ्युरिक ॲसिडमध्ये. 257 ला 0.864 आणि 350 ला 0.640 च्या जवळ रीडिंग मिळतं. मे महिन्यात मात्र एक पाहा. द्रावण एसीत 27 अंशांवर बनवलं आणि 40 अंशांच्या खोलीत वाचलं, तर पाणी फुगल्याने रीडिंग साधारण 0.4 टक्क्याने उतरतं. परवानगी जेमतेम एक टक्क्याची, त्यातलं एवढं उन्हानेच खाल्लं. म्हणून आता फ्लास्क आणि मशीन एकाच खोलीत.

खरा मुद्दा स्ट्रे लाइटचा, म्हणजे निवडलेल्या तरंगलांबीबाहेरच्या, मोजणीत घुसणाऱ्या भटक्या प्रकाशाचा. सकाळी चालू केलं की मशीन स्वतःला तपासतं आणि ‘पास’ दाखवतं. पण त्या तपासणीत ते स्वतःच्याच ड्युटेरियम दिव्याच्या 656.1 आणि 486.0 या रेषा बघतं. दोन्ही दृश्य भागातल्या! आम्ही नायट्रेट मोजतो 220 ला, म्हणजे अतिनील भागात (275 चं रीडिंग दुप्पट करून वजा करायचं). दिवा म्हातारा होतो तो आधी तिथेच, मग भटक्या प्रकाशाचा वाटा वाढतो, आणि ‘पास’ला त्याचा पत्ताही नसतो.

त्यावर उपाय साधा. 1.2 टक्के पोटॅशियम क्लोराईड, 1 सेंमीचा क्वार्ट्झ क्युव्हेट (नमुना भरायची चौकोनी नळी), पाण्याचा ब्लँक (तुलनेचा शून्य नमुना), 200 ला रीडिंग. 2 च्या वर हवं, म्हणजे शंभरातला एक भागही प्रकाश पलीकडे जाता कामा नये. सुरुवातीला आरामात वर होतं, पावसाळा लागेपर्यंत 1.8 वर आलं, होल्मियम मात्र तसंच चोख. भटका प्रकाश एक टक्का असला तरी खरं 2.0 असलेलं रीडिंग 1.7 दिसतं. म्हणजे नायट्रेट जितकं जास्त, तितकं मशीन ते कमी सांगणार. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. त्याच्या कितीतरी वरचे नमुने आमच्याकडे येतात. ते आता पातळ करून रीडिंग 1 च्या खाली आणल्याशिवाय आम्ही रिपोर्ट देत नाही. नवा दिवा बसवल्यावर क्लोराईडचं रीडिंग पुन्हा 2 च्या वर गेलं.

बाकी किरकोळ. अर्धा तास तापू द्यावं लागतं, व्होल्टेज हललं की बेसलाइन (शून्याची रेषा) नाचते, यूपीएसशिवाय चालवूच नका. सॉफ्टवेअर बरं आहे. पाचपैकी चार.

घेणार असाल तर डेमोत विक्रेत्याला क्लोराईड लावायला सांगा. तो होल्मियमच दाखवत बसेल. आणि ड्युटेरियमचा दिवा वार्षिक करारात धरलाय का ते लेखी घ्या. आमच्या करारात नव्हता, आणि इंजिनिअर नाशिकहून यायला आठवडा गेला तो वेगळाच.