जिल्हा भागीदार व्हा म्हणाले आणि २,७४,७०८ रुपये घेऊन गेले

मोबाइलवर रिंगटोन आणि राशिभविष्य विकणाऱ्या एका कंपनीचा जिल्हा भागीदार व्हायला मी भरले ते असे: अनामत १,७५,००० रुपये, 'परत मिळणारी'. कीवर्ड (ग्राहकाने एसएमएसमध्ये टाकायचा शब्द) नोंदणी ३६,०००. त्यावर सर्व्हिस टॅक्स १०.३० टक्क्यांनी ३,७०८. पुढे थ्रीजीच्या नावाखाली आणखी ६०,०००. एकूण २,७४,७०८. हाती परत आले ४,८६० आणि ५,३१०, म्हणजे १०,१७०. भरलेल्या रकमेतले ९०,००० सौभाग्यवतीच्या पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवून उभे केले होते. त्या पाटल्या सोडवायला किती वर्षं गेली ते लिहीत नाही.

'एवढा शिकलेला माणूस फसतो कसा' असं अजूनही लोक तोंडावर विचारतात. त्यांनी २०१० साल आठवावं. सांगलीत माझं रिचार्ज आणि झेरॉक्सचं दुकान होतं. दिवसभर पोरं यायची, ९८ रुपयांचा जीपीआरएस (मोबाइल इंटरनेटचा) पॅक मारायची, मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायची. कॉलर ट्यूनचे महिन्याला ३० रुपये बॅलन्समधून आपोआप कापले जायचे आणि माणसं माझ्याशी भांडायला यायची. म्हणजे या धंद्यात पैसा किती आहे हे मला रोज काउंटरवर दिसत होतं. त्याच वर्षी थ्रीजीचा लिलाव झाला, सरकारला हजारो कोटी मिळाले, पेपरांचे रकाने भरले. मी हवेत इमले बांधले नव्हते. डोळ्यांनी पाहिलं, त्यावर विश्वास ठेवला.

कंपनी नवी मुंबईची. भिंतीवर सगळ्या ऑपरेटरांचे लोगो, रजिस्ट्रार ऑफ कंपनीजचं प्रमाणपत्र फ्रेममध्ये, काचेच्या केबिनमध्ये हेडफोन लावून बसलेली मुलं. योजना अशी: त्यांचा पाच आकडी शॉर्ट कोड, म्हणजे एसएमएस पाठवायचा छोटा नंबर, त्यावर आरत्या, अभंग, लावण्यांच्या रिंगटोन, बाजारभाव आणि राशिभविष्य. जिल्ह्यातून जो कोणी १० रुपयांचं डाउनलोड करेल त्यातले ४ रुपये जिल्हा भागीदाराला. प्रमाणपत्र पाहून भुलू नका. कंपनी नोंदलेली आहे एवढंच ते सांगतं, ती कसला धंदा करते ते नाही.

त्या ४ रुपयांचा हिशोब पुढे मला याच धंद्यातल्या एका माणसाने मांडून दाखवला. आपल्याकडे ऑपरेटरच १० रुपयांतले सहा-सात स्वतःकडे ठेवायचा. उरलेल्या तीन-चारांत मधला दलाल म्हणजे अ‍ॅग्रिगेटर, पोर्टलवाला आणि गाण्याचे हक्क असलेली म्युझिक कंपनी. जिल्ह्यातल्या माणसाला ४ रुपये देणं कोणालाच शक्य नव्हतं. पण हे प्रमाण तेव्हा कुठे छापून येत होतं? ऑपरेटर आणि कंटेंटवाल्यांमधले करार बाहेरच्याला दिसायचेच नाहीत. ज्यांना माहीत होतं ते गप्प होते.

पैसे भरायच्या आधी मी चाचणी घेतली होती. कीवर्ड टाकून एसएमएस केला, मिनिटभरात उत्तर आलं. मात्र ते शॉर्ट कोडवरून नाही, साध्या दहा आकडी नंबरवरून. मी लगेच विचारलं. 'सर, हा टेस्टिंग सर्व्हर आहे, लाइव्ह झाल्यावर कोड येईल.' एक सिमकार्ड आणि कॉम्प्युटरला जोडलेला मोडेम असला की असं उत्तर कोणालाही पाठवता येतं, हे नंतर कळलं.

पण फसवणुकीचा खरा पुरावा डिसेंबरात माझ्या टेबलावर होता आणि तोच मला आजही झोपू देत नाही. कंपनी दर महिन्याला 'एमआयएस रिपोर्ट' म्हणून एक्सेल शीट पाठवायची. सर्कल (मोबाइल सेवेचा विभाग), ऑपरेटर, हिट्स, यशस्वी डाउनलोड, असे रकाने. माझ्या जिल्ह्याबरोबर मुंबई सर्कलचे आकडेही दिलेले, आम्हाला हुरूप यावा म्हणून. त्यात एक ओळ होती: मुंबई, बीएसएनएल, ४१२. मी ती वाचली. पिवळ्या हायलायटरने खूणसुद्धा केली, कारण आकडा चांगला वाटला. अहो, मुंबईत तेव्हा बीएसएनएलची मोबाइल सेवाच नव्हती! मुंबई आणि दिल्ली एमटीएनएलकडे होत्या. मी दिवसभर रिचार्ज मारणारा माणूस, कोणत्या सर्कलमध्ये कोण आहे हे मला तोंडपाठ. ४१२ डाउनलोड अशा ग्राहकांनी केले होते जे अस्तित्वातच नव्हते. कोणीतरी खुर्चीत बसून आकडे टाइप केले होते. पण त्याच मेलसोबत ४,८६० खात्यात जमा झाल्याचा निरोप होता, आणि पैसे आल्यावर हिशोब कोण तपासतो? पुढच्या महिन्यात ५,३१० आले. ते आमच्याच अनामतीतून आमच्याच तोंडावर फेकलेले तुकडे होते.

शीट हा डाउनलोड झाल्याचा पुरावा नव्हे. ऑपरेटरच्या सिस्टिमचं लॉगिन मागा, तेही तुमच्या नावाने.

नंतर पैसे थांबले आणि कारणं सुरू झाली. या लोकांचं कौशल्य असं की प्रत्येक कारणामागे एक खरी बातमी असायची. २० जानेवारी २०११ ला नंबर पोर्टेबिलिटी देशभर लागू झाली, म्हणून 'डेटा जुळत नाही'. थ्रीजी आलं, म्हणून व्हिडिओ पोर्टलसाठी ६०,००० भरा, नाहीतर जिल्हा दुसऱ्याला जाईल. मी भरले. त्याचं बिल आजतागायत मिळालेलं नाही. जुलैत ट्रायने (दूरसंचार नियामकाने) सांगितलं की ग्राहकाने होकार कळवल्याशिवाय अशा सेवेचे पैसे कापायचे नाहीत, म्हणून 'डाउनलोड पडले'. २७ सप्टेंबरपासून नको असलेल्या एसएमएसवर निर्बंध आले, म्हणून 'सगळंच ठप्प'. मी पेपर उघडायचो तर प्रत्येक बातमी खरी निघायची. बातमी खरी म्हणून तिच्याआड सांगितलेलं कारणही खरं, असं धरून चालू नका.

अनामतीपोटी त्यांनी १५ एप्रिल २०११ चा चेक दिला होता. 'आत्ता टाकू नका, बाउन्स झाला तर दोघांचंही नाव खराब होईल, पुढच्या महिन्यात आरटीजीएस करतो.' असं करत ऑक्टोबर उजाडला. तेव्हा चेकची मुदत सहा महिने होती. ती उलटली आणि चेक बाउन्सच्या कलम १३८ खाली फिर्याद करायचा रस्ता बंद झाला. चेकच्या तारखेच्या दिवशी चेक बँकेत टाका. समोरचा भाऊ असला तरी टाका. हल्ली तर मुदत तीनच महिने आहे. नोव्हेंबरात ऑफिसला कुलूप लागलं.

आता सरकारी दारं. आमच्या पोलीस ठाण्यात अंमलदार म्हणाले, 'अ‍ॅग्रीमेंट आहे ना? मग हा सिव्हिल मॅटर. आणि पैसे तिकडे दिले, तिकडे जा.' तिकडच्या ठाण्यात म्हणाले, 'तुम्ही सांगलीचे, तिकडेच द्या.' आर्थिक गुन्हे शाखेला माझी रक्कम बारीक वाटली. ग्राहक मंचात खिडकीवरच सांगितलं की तुम्ही धंद्यासाठी पैसे दिले, तुम्ही ग्राहक नाही. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात बसते, हे स्पष्टीकरण त्याच कायद्यात छापलेलं आहे. एकानेही ते मला दाखवलं नाही. ट्रायला लिहिलं तर आम्ही वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही. ऑपरेटर म्हणाला, त्या कंपनीशी तुमचा करार, आमचा काय संबंध? ज्यांचे लोगो त्या भिंतीवर लावून माझे पैसे काढून घेतले, त्यांचा काय संबंध!

नोव्हेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवावाच लागतो. व्यापारी व्यवहारात आधी प्राथमिक चौकशी करता येते, एवढी फट त्यात होती आणि आमच्या साहेबांनी तेवढीच वाचली. शेवटी पोलिसांना तपासाचा आदेश द्या म्हणून तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५६(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे गेलो तेव्हा ४२० चा गुन्हा दाखल झाला. संचालकांची नावं, पत्ते, सह्या, सगळं मी फाइल करून दिलं होतं. तरी 'आरोपी मिळून येत नाहीत' म्हणून 'अ' समरी. गुन्हा खरा, आरोपी सापडत नाही. त्यातल्या एकाचा फोटो मी पुढे उद्योजकांच्या मेळाव्यातल्या बॅनरवर पाहिला, त्याची प्रत ठाण्यात नेऊन दिली, ती कुठल्या फाइलमध्ये गेला ते विचारायचं त्राण उरलं नाही.

ठाण्यात 'नंतर या' म्हणाले तर तोंडी वाद घालू नका. अर्ज स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, पोचपावती जपा. आता ४२० च्या जागी भारतीय न्याय संहितेचं ३१८(४) आहे, आणि हद्दीबाहेरचा गुन्हाही शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) नोंदवून घ्यावा लागतो, हे छापील कायद्याचं पान दाखवून सांगा. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनला फोन करा. दुसऱ्या दिवशी घरच्यांशी बोलून ठरवू म्हणालात की रक्कम पुढच्या खात्यात गेलेली असते.

गेल्या महिन्यात आमच्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक माहितीपत्रक फिरलं. 'तालुका डिजिटल पार्टनर', परत मिळणारी अनामत, अ‍ॅपच्या प्रत्येक डाउनलोडमागे ठरलेला वाटा, महिन्याचा रिपोर्ट मेलवर. दोघा ओळखीच्यांनी टोकनचे ५,००० भरलेत. बाकीचे भरायच्या आधी मला फोन करा, दुकानात या, जुनी एक्सेल शीट अजून माझ्याकडे आहे, ती दाखवतो.