जुनी पोलो १.० टीएसआय: खरेदीची चौकशी आणि वर्षभराचा अनुभव

चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या आणि २०१० पासून भारतात विकल्या गेलेल्या फोक्सवॅगन पोलोचे येथील उत्पादन २०२२ मध्ये थांबले. तेव्हापासून ही गाडी हवी असणाऱ्याला जुन्या बाजारावाचून दुसरा मार्ग उरलेला नाही. मी गेल्या वर्षी २०२१ सालची १.० टीएसआय (एक लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन असलेली), सहा गिअरची मॅन्युअल पोलो तिच्या पहिल्या मालकाकडून ६ लाख ४० हजार रुपयांना घेतली. त्या वेळी ती ३८ हजार किलोमीटर चाललेली होती आणि आज मीटरवर ५३ हजारांचा आकडा आहे. नव्या प्रीमियम हॅचबॅकचे सर्वांत साधे मॉडेल जवळपास याच रकमेत दारात येत असताना उत्पादन बंद झालेल्या गाडीत पैसे का घालायचे, हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाने विचारला होता आणि तो अगदीच गैरवाजवी नव्हता.

पोलो हे नाव एक असले तरी त्या नावाखाली बाजारात निदान पाच-सहा निरनिराळ्या गाड्या फिरत आहेत, आणि जाहिरातीतील किंमत पाहण्याआधी इंजिन कोणते हे विचारणे भाग आहे. सुरुवातीचे १.२ लिटरचे साधे पेट्रोल इंजिन आणि २०१८ मध्ये त्याच्या जागी आलेले १.० एमपीआय (तेही विना-टर्बो) ही दोन्ही तीन सिलिंडरची इंजिने शहरात निमूटपणे काम करतात. परंतु जेमतेम ७५ अश्वशक्तीच्या आसपासची ताकद असल्यामुळे चार माणसे आणि सामान घेऊन घाट चढताना त्यांची दमछाक होते. २०१३ मध्ये आलेल्या जीटी टीएसआयमध्ये १०५ अश्वशक्तीचे टर्बो इंजिन आणि सात गिअरची ड्युअल क्लच स्वयंचलित गिअरपेटी होती. ती चालवण्यात जी गंमत आहे ती मी नाकारणार नाही, मात्र त्या पेटीतील क्लच कोरड्या प्रकारचे असल्यामुळे रांगत्या रहदारीत ते तापतात, आणि मेकॅट्रॉनिक युनिट (क्लच आणि गिअर आपोआप हलवणारा नियंत्रक भाग) बदलण्याची वेळ आली तर जुन्या गाडीच्या किमतीचा चांगलाच मोठा हिस्सा तेथेच खर्ची पडतो. स्वयंचलित गाडीच हवी असेल तर २०२० पासून मिळू लागलेली टॉर्क कन्व्हर्टरची (क्लचऐवजी तेलातून ताकद पोहोचवणारी) सहा गिअरची पेटी अधिक निर्धोक आहे. डिझेल पोलो २०२० मध्येच बंद झाली. २०१५ पर्यंतची डिझेल गाडी पाहत असाल, तर चाचणीपुरते प्रदूषण कमी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणानंतर कंपनीने परत बोलावलेल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्यांत ती होती का, आणि तिचे सॉफ्टवेअर अद्ययावत झाले का, हे सेवाकेंद्रातून तपासून घ्यावे.

माझी निवड १.० टीएसआयवर स्थिरावली त्याचे एक कारण ताकद होते (११० अश्वशक्ती आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क), तर दुसरे अधिक व्यवहारी होते. याच जातीचे इंजिन आजही फोक्सवॅगनच्या टायगुन, व्हर्टस आणि स्कोडाच्या कुशाक, स्लाव्हिया या गाड्यांमध्ये बसवले जाते, त्यामुळे पोलोचे उत्पादन बंद झाले तरी इंजिनाचे सुटे भाग आणि त्यावर हात बसलेले कारागीर मिळत राहतील असा माझा हिशेब होता. वर्षभरात तो चुकलेला नाही. बाहेरच्या पत्र्याच्या आणि दिव्यांच्या भागांबाबत मात्र तितकी खात्री देता येत नाही, म्हणून बंपर व हेडलाइट शाबूत असलेली गाडी थोडे अधिक पैसे देऊन घेणे परवडते.

दोन महिन्यांत मी सात गाड्या पाहिल्या. त्यांपैकी एका विक्रेत्याकडील गाडी चकाचक धुतलेली होती आणि मीटर ४१ हजार दाखवत होते; परंतु स्टिअरिंगवरचे चामडे गुळगुळीत झालेले, क्लचच्या पॅडलचे रबर एका कडेने झिजलेले, असे पाहून मी चासी क्रमांकावरून सेवाकेंद्रातील नोंदी काढण्याचा आग्रह धरला. दोन वर्षांपूर्वीच ती गाडी ६८ हजारांवर सर्व्हिसिंगला आलेली होती. विक्रेत्याने त्यावर काही खुलासा केला नाही. त्याने फक्त किंमत ३० हजारांनी उतरवली. त्यानंतर मी नोंदी पाहिल्याशिवाय गाडी चालवून बघायलाही गेलो नाही.

गाडी पाहायला सकाळी जावे, आणि आपण पोहोचेपर्यंत इंजिन सुरू करू नका असे आदल्या दिवशीच सांगावे. बोनेटला हात लावल्यावर ते गरम लागले तर इंजिन आधीच सुरू करून ठेवले होते हे समजून घ्यावे. सर्व काचांवर निर्मितीची खूण असते, तेव्हा एखादीच काच वेगळ्या सालातील निघाली तर तिच्या बाजूला काय झाले होते हे विचारावे. टायरवरील शेवटचे चार आकडे आठवडा आणि साल सांगतात. मडगार्डच्या आणि बोनेटच्या बोल्टवरचा रंग उडालेला असेल तर त्यांना पाना लागलेला आहे, म्हणजे तो भाग कधीतरी उघडला गेला आहे, एवढे नक्की. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडकडे किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते आपण सर्वांनी पाहिले आहे, आणि त्यांतल्या सगळ्याच भंगारात गेल्या असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या शेवटच्या टोकाला गाळाचा डाग आहे का हे पाहावे, आणि स्टेपनीखालच्या खळग्यात बोट फिरवावे. याउपर मी ओळखीच्या मिस्त्रींना सोबत नेले; त्यांचे एक दिवसाचे पैसे ही संपूर्ण व्यवहारातील सर्वांत स्वस्त खरेदी होती.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. परिवहन विभागाच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक असतो, म्हणून नमुना २९ आणि ३० (मालकी हस्तांतराचे अर्ज) यांवर सह्या झाल्यावर हस्तांतर एजंटच्या भरवशावर रेंगाळू देऊ नये. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर नमुना ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) आणि बँकेचे ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि नो क्लेम बोनस (भरपाईचा दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सवलत) हा विकणाऱ्याचा असतो, गाडीचा नव्हे. ती सवलत गृहीत धरून काढलेला हप्त्याचा आकडा त्यामुळे वाढतो. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असल्यास उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का तेही पाहावे.

आता प्रत्यक्ष गाडीविषयी. दरवाजा लावताना येणारा भरीव आवाज आणि ताशी शंभरच्या वेगाला रस्त्याला चिकटून राहण्याची वृत्ती या पोलोच्या दोन कीर्ती आहेत, आणि चार वर्षांच्या वापरानंतरही त्या दोन्ही टिकून आहेत. पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ट्रक मागे टाकताना मन धास्तावत नाही. अगदी खालच्या फेऱ्यांवर मात्र टर्बो जागा होईपर्यंत क्षणभर थांबावे लागते, त्यामुळे शहरात गिअर वारंवार बदलावा लागतो. महामार्गावर मला लिटरला १७ आणि पुण्याच्या रहदारीत ११ ते १२ किलोमीटर ॲव्हरेज मिळते. कंपनीचा आकडा १८.२४ आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळत असल्यामुळे जुनी गाडी घेताना इंधनाबाबतची कंपनीची सूचना माहितीपुस्तिकेत वाचून घेणे हिताचे आहे.

सुरक्षिततेच्या बाबतीत एक तारीख ध्यानात ठेवण्याजोगी आहे. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे मिळाले, तर दोन एअरबॅग असलेल्या पोलोला चार मिळाले. त्यानंतर दोन एअरबॅग सर्व प्रकारांत देण्यात आल्या. त्याआधीची साधी पोलो कितीही स्वस्तात मिळाली तरी मी ती कोणाला सुचवणार नाही.

मागची जागा हा या गाडीचा खरा उणेपणा आहे. याच वर्गातील बलेनो किंवा आय-२० पाहून आलेल्या माणसाला पोलोच्या मागच्या सीटवर बसवले तर तो दोन मिनिटांत दार उघडून उतरतो. आई मागे बसते तेव्हा मला माझी सीट दोन खाचा पुढे घ्यावी लागते आणि मग माझे गुडघे स्टिअरिंगखाली येतात. सातारा ते पुणे एवढ्या अंतरापुरते ते चालून जाते. कोल्हापूरच्या पुढे सगळ्यांनी मिळून जायचे असेल, तर आम्ही अजूनही धाकट्या भावाची बलेनो मागून नेतो.