घरच्या नेटवर्कसाठी रॅक: बंद कपाट की उघडी फ्रेम?

जुळे सोलापुरात घर बांधणाऱ्या मित्राला राउटर, नेटवर्क स्विच (अनेक उपकरणं वायरने जोडणारी पेटी), कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आणि एक सर्व्हर एकत्र ठेवायचाय. रॅक म्हणजे अशी उपकरणं बसवायचा सांगाडा. भिंतीवरचं बंद कपाट घ्यावं की जमिनीवरची उघडी फ्रेम, यावर तो अडलाय.

उपकरणांच्या रुंदीचं माप दोन्हींत सहसा तेच, 19 इंच. उंची 'यू'मध्ये मोजतात. एक यू म्हणजे 44.45 मिलिमीटर. रॅकची खोली, म्हणजे पुढून मागपर्यंतचं माप, मात्र आधी तपासा. भिंतीवरची कपाटं बहुधा 450 ते 600 मिलिमीटर खोल असतात, पूर्ण लांबीचा सर्व्हर त्यात मावत नाही.

आपल्याकडे खरा प्रश्न उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. बंद कपाटाला पंखा लावला तरी तो खोलीतलीच गरम हवा ओढतो, आणि हार्ड डिस्क तापत राहते. उघड्या फ्रेममध्ये उष्णता साठून राहत नाही. इथे माझं मत फ्रेमच्या बाजूने आहे.

पण धूळ उलटं सांगते. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाजवळ घर असेल तर सुताचा बारीक तंतू पंख्यांत जाऊन बसतो. तिथे जाळी असलेलं कपाट बरं. जाळी मात्र नियमित झाडायलाच हवी.

फ्रेमला पत्रा कमी, म्हणून ती सहसा स्वस्त. वायरी बदलणंही सोपं. यूपीएस कुठल्याही परिस्थितीत भिंतीवर टांगू नका, बॅटरीचं वजन फार असतं.

फक्त राउटर, स्विच, रेकॉर्डर असेल, घरात लहान मुलं किंवा मागाची धूळ असेल, तर कपाट घ्या. सर्व्हर चोवीस तास चालणार असेल आणि वेगळी, स्वच्छ खोली असेल, तर फ्रेम. मित्राकडे तशी खोली आहे. त्याने फ्रेमच घ्यावी.