टास्क वन तपासणारं ॲप: अख्खा पावसाळा वापरल्यावर

आयईएलटीएस ॲकॅडमिक या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करणाऱ्यांना टास्क वन काय ते सांगायला नको; इतरांसाठी, तो लेखनातला पहिला प्रश्न, दिलेल्या आलेखाचं किंवा नकाशाचं वर्णन करायचा. मी रत्नागिरीत स्टाफ नर्स आहे. ब्रिटनच्या एनएमसी (तिथली नर्सिंग परिषद) नोंदणीसाठी वाचन, श्रवण आणि संभाषणात ७ बँड, म्हणजे गुण, लागतात, लेखनात ६.५. माझं अडत होतं लेखनातच, त्यातही आलेखांच्या वर्णनात. म्हणून मे महिन्यात हे ॲप घेतलं. सहा महिन्यांचे अडीच हजाराच्या आसपास एकदम भरले. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘परीक्षकासारखी तपासणी’. नाव घेत नाही, कारण अशा तीन-चार ॲपांची तऱ्हा एकच आहे असं मैत्रिणींकडून कळलं.

सुरुवातीला मी खूश होते. उत्तर टाकलं की अर्ध्या मिनिटात बँड, व्याकरणाच्या चुका लाल रंगात, शब्दसंख्या खाली. नाईट ड्युटीवरून आल्यावर क्लासला कोण जाणार?

जुलैत एका रात्री पावसाने रेंज गेली-आली करत होती. प्रश्न उघडला, टाइमर सुरू झाला, पण आलेखाची चौकट पांढरीच राहिली. वेळ फुकट जाऊ नये म्हणून मी आधी सोडवलेल्या दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर तिथे चिकटवलं. ते होतं वीजवापराबद्दल आणि हा प्रश्न होता पर्यटकांबद्दल. बँड आला ७. शेरा होता, ‘माहितीची निवड उत्तम’.

मग मी मुद्दाम पारख केली. एका रेषालेखाचं बरोबर उत्तर लिहिलं, त्याचा बँड पाहिला. त्याच उत्तरात वाढ होती तिथे घट केली, सगळ्यात वरचा देश तळाला नेला, आकडे उलटसुलट केले. वाक्यं तशीच ठेवली. बँड जागचा हलला नाही. म्हणजे ॲप फक्त मजकूर वाचतं, आलेखाशी ताडून बघतच नाही.

ही किरकोळ त्रुटी आहे असं कुणी म्हणू नये. लेखनाच्या चार निकषांना सारखंच वजन असतं आणि त्यातला पहिला निकष विचारतो की समोरची माहिती तुम्ही नीट सांगितली का. निकषांचा तक्ता अधिकृत संकेतस्थळांवर फुकट मिळतो, जरूर वाचा. आकडे यांत्रिकपणे एकामागोमाग लिहिले आणि मुख्य कल स्पष्ट सांगणारा ओव्हरव्ह्यू नसला, तर ते वर्णन ५ बँडचं. ७ ला तो ओव्हरव्ह्यू स्वच्छ दिसावा लागतो. आता सांगा, ज्याला आलेखच दिसत नाही तो माझा ओव्हरव्ह्यू खरा की खोटा हे कशावरून ठरवणार? २० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर गेलेली रेषा ‘१० टक्क्यांनी वाढली’ असं लिहिलं तरी त्याला चालतं. ती वाढ १० टक्के बिंदूंची, म्हणजे मूळच्या निम्म्याने आहे. पाय चार्टात वाटा घटला म्हणून संख्याही घटली असं लिहिलं, तेही चालतं. परीक्षेची फी १७ हजारांच्या पुढे गेली आहे. असल्या खोट्या सातावर विसंबून कुणी तारीख घेतली तर ते पैसे कोण भरून देणार?

पैसे परत मागितले. आधी ठरावीक उत्तरं आली, मग एक ताई चॅटवर आल्या. बोलायला सभ्य होत्या. मी दोन्ही उत्तरांचे स्क्रीनशॉट पाठवले. ‘आमची तपासणी भाषेवर भर देते’ आणि ‘सात दिवसांनंतर परतावा नाही’, यापलीकडे गाडी सरकली नाही.

ऑगस्टनंतर मात्र माझं मत थोडं बदललं, तेही सांगायला हवं. बँडकडे बघणं सोडलं आणि ॲपची बाकीची बाजू कामाला लावली. प्रश्नांचा साठा खरंच मोठा आहे: नकाशे आहेत, प्रक्रिया आहेत, दोन आलेख एकत्र दिलेले प्रश्नही आहेत. टाइमर वीस मिनिटांवर कडक थांबतो. टास्क टूचं, म्हणजे निबंधाचं, वजन दुप्पट असल्यामुळे ही सवय लागणं मोलाचं आहे, कारण टास्क वनमध्ये उधळलेली पाच मिनिटं तिथे महागात जातात. क्रियापदाच्या काळाच्या चुकाही ते नेमक्या पकडतं.

आकड्यांच्या तपासणीचा प्रश्न मी घरीच सोडवला. देवगडला दादाच्या वहीत हंगामातल्या आंब्याच्या पेट्या आणि वाशीच्या बाजारात मिळालेला भाव आठवड्यागणिक लिहिलेला असतो. त्याचे दोन रेषांचे आलेख काढले, उत्तर लिहून दादाला मराठीत वाचून दाखवलं. त्याला इंग्रजी बेताचं येतं, पण आकडा चुकला की लगेच थांबवतो. पहिल्याच दिवशी म्हणाला, “अगो, मधल्या आठवड्यात भाव वर चढलेलो, ता खंय गेला?” असं ॲपने एकदाही विचारलं नव्हतं. शिवाय एक खोड मोडली. मे महिन्यात आवक वाढते म्हणून भाव पडतो, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक. पण आलेखात कारण दिलेलं नसेल तर उत्तरात ते लिहायचं नाही. आवक चढत गेली, भाव उतरत गेला, एवढंच. हात आवरायला मला बरेच दिवस लागले.

मुदत संपत आली तशी नूतनीकरणाची सूचना आली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापण्याआधी २४ तास कळवावं लागतं, तो मेसेज वाचल्याशिवाय पुसू नका. ॲपमधलं ‘रद्द करा’ चार पानं आत दडवलंय. मी सरळ यूपीआयमध्ये जाऊन ऑटोपे (आपोआप पैसे कापायची परवानगी) बंद केलं, तिथे दोन मिनिटांत होतं. फक्त सरावाचे प्रश्न आणि टाइमर हवा असेल तर एका महिन्याचे पैसे भरा, सहा महिन्यांचे नको. ‘परीक्षकासारखी तपासणी’ ही ओळ जाहिरातीतून काढा, असं मी त्यांना तीनही मेलांत लिहिलंय. आज सकाळी पाहिलं, ओळ अजून तिथेच आहे.