ऑक्सफर्ड नी स्कोअर : गुडघा बदलायचा की नाही, हे ठरवताना किती उपयोगी?

गुडघेदुखीचा रुग्ण अस्थिरोगतज्ज्ञांकडून परततो तेव्हा त्याच्या पिशवीत एक्स-रे असतो, त्यावर ‘ग्रेड चार’ (झिजेची सर्वांत गंभीर पायरी) असा शेरा असतो आणि घरातली पुढची सगळी चर्चा त्या शेऱ्याभोवतीच फिरत राहते. वास्तविक एक्स-रेमध्ये दिसणारी झीज आणि माणसाला होणारा त्रास यांचा मेळ बसतोच असे नाही. चौथ्या ग्रेडचा गुडघा घेऊन रोज फिरायला जाणारे लोक असतात आणि दुसऱ्या ग्रेडवर रात्र रात्र तळमळणारेही असतात. त्यामुळे रोजच्या जगण्यात गुडघा नेमका कुठे आडवा येतो, हे नोंदवणारे एखादे साधन हाताशी असणे गरजेचे आहे. ‘ऑक्सफर्ड नी स्कोअर’ ही प्रश्नावली अशा साधनांपैकी मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी एक म्हणता येईल. गुडघेदुखी असलेल्या मावशींसोबत ती भरून पाहिल्यावर तिचे गुण आणि उणिवा दोन्ही ठळकपणे लक्षात आल्या.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९९८ मध्ये ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रश्न बारा, प्रत्येकाला पाच पर्यायी उत्तरे आणि सगळे प्रश्न गेल्या चार आठवड्यांपुरते. प्रत्येक उत्तराला ० ते ४ गुण मिळतात. एकूण ४८ म्हणजे गुडघ्याची काहीच तक्रार नाही आणि ० म्हणजे त्रासाची परिसीमा. (मूळ पद्धतीत गणित उलटे होते, म्हणजे १२ उत्तम आणि ६० वाईट, जुने लेख वाचताना गोंधळ होतो तो यामुळे.) प्रश्न अगदी रोजच्या व्यवहारातले आहेत: किती वेळ चालल्यावर कळा असह्य होतात, जेवण झाल्यावर खुर्चीतून उठताना किती दुखते, लंगडावे लागते का, गुडघा अचानक दगा देईल असे वाटते का, रात्री अंथरुणात ठणकतो का. भरायला दहा मिनिटेही लागत नाहीत.

मावशींना मी एकेक प्रश्न मराठीत सांगत गेलो. ‘घरची खरेदी एकट्याने करता येते का,’ या प्रश्नावर त्यांनी लगेच ‘हो, सहज’ असे सांगितले. मग मी विचारले, की मंडईत शेवटच्या कधी गेला होतात? त्या थोडा वेळ गप्प बसल्या, कारण भाजी फोनवरून मागवली जाते आणि किराणा भाचा आणतो. जिन्याचेही तेच झाले. इमारतीला लिफ्ट असल्याने जिना उतरण्याची वेळच त्यांच्यावर येत नव्हती. दुखते म्हणून आपण कोणकोणत्या गोष्टी हळूहळू सोडून दिल्या, याचा हिशेब रुग्णाने सहसा मांडलेला नसतो, आणि हे प्रश्न तो मांडायला लावतात. माझ्या मते या प्रश्नावलीची खरी किंमत इथे आहे, शेवटच्या बेरजेत नाही.

उणीव अशी, की हे प्रश्न खुर्ची-टेबलावर जगणाऱ्या समाजासाठी लिहिलेले आहेत. गुडघे टेकून पुन्हा उठता येते का, हे त्यात विचारले आहे. पण मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, भारतीय पद्धतीचे शौचालय वापरणे, पाटावर बसून बादलीतल्या पाण्याने अंघोळ करणे यांचा उल्लेख कुठेच नाही. आपल्याकडे तर निर्णय अनेकदा याच गोष्टींवर अडतो. त्यातही खाचखळगा असा, की शस्त्रक्रियेनंतर वेदना पुष्कळ कमी होतात, मात्र उकिडवे बसणे बहुतेकांना टाळायला सांगितले जाते. पंगतीत पुन्हा मांडी घालता यावी एवढ्याच आशेने जो ऑपरेशनला तयार होतो, त्याची निराशा होण्याचा संभव मोठा आहे. नव्या गुडघ्यावर पूर्ण समाधानी नसलेले रुग्ण साधारण पाचांत एक असतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे, आणि अवाजवी अपेक्षा हे त्याचे एक कारण मानले जाते.

दुसरा धोका बेरजेचा. मुळात ही प्रश्नावली शस्त्रक्रियेचा परिणाम मोजण्यासाठी बनवलेली आहे. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २००९ पासून ती ऑपरेशनच्या आधी आणि सहा महिन्यांनी भरून घेतली जाते. अमुक गुणांखाली आलात तर गुडघा बदला, असा निकाल ती देत नाही. रात्रीच्या ठणक्याने बेजार झालेला आणि फक्त जिन्यावर अडखळणारा, असे दोन रुग्ण सारख्याच बेरजेवर येऊ शकतात, पण त्यांना द्यायचा सल्ला सारखा नसतो.

शिवाय निर्णयाला लागणारी बरीच माहिती प्रश्नावलीबाहेरची आहे. डेन्मार्कमध्ये शस्त्रक्रियेस पात्र ठरलेल्या १०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सर्वांना १२ आठवडे व्यायाम, आहार व वेदनाशामक औषधांचा कार्यक्रम दिला गेला आणि निम्म्यांचे गुडघेही बदलण्यात आले. वर्षअखेर लक्षणीय सुधारणा ऑपरेशन झालेल्यांपैकी ८५ टक्क्यांत आणि न झालेल्यांपैकी ६८ टक्क्यांत दिसली. गंभीर गुंतागुंत मात्र पहिल्या गटात जास्त होती, तर दुसऱ्या गटातील सुमारे चतुर्थांश रुग्णांनी वर्षभरातच शस्त्रक्रिया करून घेतली. वयाचा विचारही महत्त्वाचा आहे. ब्रिटनमधील नोंदींवरून २०१७ मध्ये केलेल्या अंदाजानुसार सत्तरीनंतर बसवलेला गुडघा पुढे पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास आहे, तर पन्नाशीच्या सुरुवातीला ऑपरेशन करणाऱ्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते. खर्चाच्या बाबतीत, ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूच्या कृत्रिम सांध्याची कमाल किंमत करांखेरीज ५४,७२० रुपये ठरवली, पण ती फक्त सांध्याची; रुग्णालयाचे बिल त्यात धरलेले नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. वापरायची असेल तर घरातल्या कुणी शेजारी बसून, प्रत्येक उत्तरावर ‘शेवटचे कधी केले होते’ असा उपप्रश्न विचारत ती भरावी, आणि कागदाच्या पाठीमागे मांडी, उकिडवे बसणे व शौचालय यांविषयी आपल्या ओळी लिहाव्यात. फिजिओथेरपिस्टने दिलेला व्यायाम तीन महिने नेमाने केल्यावर ती पुन्हा भरावी, आणि एक्स-रेसोबत दोन्ही कागद शल्यचिकित्सकांपुढे ठेवावेत. अर्थात तेवढ्यात गुडघा लाल होऊन सुजला, ताप आला किंवा पाय टेकवेनासा झाला, तर तीन महिन्यांची वाट न पाहता तातडीने डॉक्टरांना दाखवावे.