पाय ५, पाय ४ की बीगलबोन: बटणाचा आणि बॅटरीचा हिशेब

खानापूर तालुक्यात माझ्या मावसभावाचं दूध संकलन केंद्र आहे. काट्यावरचं वजन आपोआप नोंदवणारा, एकाच बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर त्याला बसवायचाय: रास्पबेरी पाय (थोडक्यात 'पाय') किंवा बीगलबोन. परवा फोन आला, "दादा, पाय ५ ला बटणपण आहे की, बॅटरी जोडायला पण जागा आहे. तेच घ्यायचं काय?"

बटण आहे हे खरं. बॅटरीबद्दल मात्र त्याची गल्लत झाली होती. बेळगाव-निपाणीकडच्या बऱ्याच जणांना मी याच गैरसमजात पाहिलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

रास्पबेरी पाय ५ वर यूएसबी-सीच्या बाजूला दोन पिनांचं बारकं सॉकेट आहे आणि त्यावर 'बॅट' असं लिहिलंय. ते फक्त घड्याळासाठी. तिथं नाण्याएवढा सेल लागतो, करंट गेल्यावर तो तारीख-वेळ सांभाळतो, बास. बोर्ड त्यावर एक मिनिटही चालणार नाही. कंपनीचा सेल रिचार्जेबल असतो, पण चार्जिंग मुळात बंद ठेवलेलं असतं; सेटिंगमध्ये जाऊन ते स्वतः चालू करावं लागतं. काट्यातला साधा सीआर २०३२ काढून लावणार असाल तर ते चार्जिंग चुकूनही चालू करू नका, तो सेल चार्ज व्हायचा नसतो.

घड्याळाला एवढं महत्त्व कशाला, असं शहरातल्या माणसाला वाटेल. जांबोटीकडच्या पावसात झाड तारांवर पडलं की करंट जातो आणि पाठोपाठ टॉवरही. करंट परत आला तरी नेट नसतं. पाय ४ ला स्वतःचं घड्याळ नाही, त्यामुळे ते बंद पडलं तिथूनच वेळ पुढे मोजायला लागतं आणि सकाळचं दूध आदल्या संध्याकाळच्या खात्यावर चढतं. मग उत्पादकांशी वाद घालत बसा.

आता बटण. २०२३ च्या ऑक्टोबरात आलेलं पाय ५ हे या मालिकेतलं बोर्डावर बटण असलेलं पहिलं मॉडेल. डेस्कटॉपवर एकदा दाबलं की बंद करण्याचा मेनू येतो, लागोपाठ दोनदा दाबलं की रीतसर बंद होतं, दाबून धरलं तर सरळ करंट तोडल्यासारखं. बोर्ड डब्यात बंद करायचा असेल तर बाहेरचं बटण जोडायला दोन भोकं दिलेली आहेत. सोय चांगली आहे. पण बंद केल्यावरही मूळ सेटिंगमध्ये ते वॉटभराहून जास्त खातं. 'पॉवर ऑफ ऑन हॉल्ट' ही सेटिंग १ केली की हे खाणं जवळजवळ थांबतं.

मात्र बटणापेक्षा मोठा प्रश्न वेगळाच आहे: करंट परत आल्यावर बोर्ड आपणहून उठतो का? पहाटे पाच वाजता केंद्रावर बटण दाबायला कोण बसलंय? पाय ४ काय, पाय ५ काय, नुसत्या अडॅप्टरवर असतील तर करंट येताच चालू होतात. अडचण यूपीएस लावल्यावर येते. बॅटरी उतरत आली म्हणून बोर्ड शहाण्यासारखा स्वतःला बंद करतो, तेवढ्यात करंट येतो. यूपीएसनं ५ व्होल्ट मध्ये तोडलेच नाहीत, मग बोर्डाला कळणार कसं? तो झोपूनच राहतो. म्हणून पाय घेणाऱ्यानं पुरवठा खरोखर तोडून पुन्हा देणारा यूपीएस बघावा. साध्या पॉवर बँकेचं दुखणं उलटं: चार्जिंग सुरू होताना बऱ्याच बँका क्षणभर पुरवठा तोडतात आणि बोर्ड नको तेव्हा रिस्टार्ट होतो. शिवाय पाय ५ ला ५ व्होल्टवर ५ अँपिअर हवेत. ३ अँपिअरवर चालतं, पण यूएसबीला मिळून ६०० मिलिअँपिअरच सोडतं.

पाय ४ ला बटण नाही, पण ५ आणि ६ नंबरच्या पिना बटणानं जोडल्या की झोपलेलं पाय जागं होतं, आणि सेटिंगमध्ये एक ओळ घातली की त्याच बटणानं बंदही होतं. मी हे केलं आणि वर डीएस ३२३१ या चिपचं वेगळं घड्याळ बसवलं. झालं, दोघांची भांडणं! घड्याळाची एक तार त्याच ५ नंबरवर येते. शेवटी घड्याळ दुसऱ्या पिनांवर हलवलं. त्या घड्याळाच्या स्वस्त निळ्या मॉड्यूलवर चार्जिंगचा रस्ता असतो. त्यात सीआर २०३२ घालायचा तर तिथला डायोड आधी काढा.

बीगलबोन ब्लॅक २०१३ चा. ५१२ एमबी रॅम, ब्राउझर उघडला की पेंगतो. पण बॅटरीवर चालायची व्यवस्था या तिघांत फक्त त्याच्याच अंगात आहे. बोर्डावर चार भोकं आहेत, टीपी ५ ते टीपी ८. ३.७ व्होल्टचा एक लिथियम सेल थेट जोडायचा: धन बाजू ५ आणि ६ ला मिळून, ऋण ८ ला, आणि ७ व ८ च्या मध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर. तो नसला तर बोर्डाला सेलच्या तापमानाचा अंदाज येत नाही आणि चार्जिंग होत नाही. सेल संरक्षण सर्किटवालाच घ्या, आणि प्लगचा लाल-काळा रंग बघून विश्वास ठेवू नका, मीटर लावा. बटण बोर्डावरच आहे, आठ सेकंद धरलं की सक्तीनं बंद. करंट परत आला की तो आपणहून उठतो, आणि माझ्या दृष्टीनं निम्मा निकाल इथंच लागला. २६०० मिलिअँपिअर-तासाच्या सेलवर साधारण चार तास धरा.

खोट एकच, पण मोठी. सेलवर असताना यूएसबीला ५ व्होल्ट मिळत नाहीत. म्हणजे यूएसबी-सीरियल वायरीनं काटा जोडलात तर करंट गेल्यावर बोर्ड जिवंत आणि काटा मुका. काटा बोर्डाच्या स्वतःच्या सीरियल पिनांवर घ्या, मध्ये ३.३ व्होल्टवर चालणारं मॅक्स ३२३२ (काट्याचा सिग्नल बोर्डाला झेपेल एवढ्या व्होल्टवर आणणारी चिप) टाका.

मग कुणी काय घ्यावं? बेळगाव शहरात, घरी इन्व्हर्टर आणि समोर स्क्रीन असेल तर पाय ५, दुसरा विचार नको. स्क्रीन किंवा प्रिंटर हवा आणि खर्च आवरायचा असेल तर पाय ४, वेगळ्या घड्याळासह. नुसती वजनाची नोंद, तीही तासन् तास करंट नसलेल्या गावात, तर बीगलबोन, भले तो म्हातारा असो. हातात सोल्डरिंग नसेल तर मात्र त्याच्या नादी लागू नका.

मावसभावाला बीगलबोन सांगितलाय. भोकांना तारा मीच लावून देणार, रविवारी. १० किलोओहमचे रेझिस्टर दोन आण म्हटलंय, पहिला माझ्या हातून हमखास टेबलाखाली जातो.